४ फुटी रीफ टँकला (खाऱ्या पाण्याचा, कोरलचा टँक) एलईडी लाइट नक्की किती? एक म्हणतो चार, दुसरा म्हणतो एक

खारट_ठाणेकर
नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी मूळची गोड्या पाण्यातली, सात वर्षं प्लांटेड, म्हणजे पाणवनस्पतींचा टँक केला, समुद्री प्रकरण यंदाच सुरू केलंय. टँक १२० बाय ४५ सेंमी, उंची ५०, म्हणजे कागदावर २७० लिटर, खडक टाकल्यावर खरं पाणी किती उरलं देव जाणे. पाच महिने झाले, दोन क्लाऊन आणि एक गोबी असे मासे मजेत आहेत, पाणी गार ठेवायला चिलर लावलाय, ते २६ अंशांना असतं. आता कोरल म्हणजे प्रवाळ टाकायचेत, झोआ, मशरूम (हे दोन्ही मऊ) आणि जमलंच तर एखादा हॅमर (हा दगडी सांगाड्याचा). घोडं अडलंय लाइटपाशी. एक दुकानदार म्हणतो ताई चार लाइट लागतीलच, दुसरा म्हणतो एक १६५ वॉटचा ब्लॅक बॉक्स (काळ्या पेटीतला एलईडी लाइट) मधोमध टांगा, विषय संपला. यूट्यूबवर लिटरला इतके वॉट असं काहीतरी सांगतात, त्यात प्रत्येकाचा आकडा वेगळा. चार घ्यायचे म्हटलं तर ती रक्कम घरात मोठ्याने बोलायची सोय नाही. किती घेऊ?

झोआवेडा_पुणे
दोन. आता का ते सांगतो. लिटरवर वॉट हे ट्यूबलाइटच्या जमान्यातलं गणित, एलईडीला ते डोक्यातून काढून टाक, कारण एलईडीत त्याच वॉटमध्ये लेन्स कुठली आणि निळा किती यावर सगळं फिरतं. आणि तो १६५ म्हणजे ५५ डायोड गुणिले ३ वॉट एवढाच हिशोब आहे, प्लगला मीटर लावून बघ, तेवढा तो कधीच खेचत नाही.

लाइट मोजायचे ते टँकच्या लांबी-रुंदीवर, पाण्यावर नाही. चांगला ९० वॉटच्या आसपासचा युनिट पाण्यापासून वीसेक सेंमीवर टांगला की साधारण ६० बाय ६० सेंमीचा चौकोन उजळतो, कडेला त्यातही कमीच. तुझे १२० म्हणजे दोन चौकोन, रुंदी ४५ तर आतच बसते. दोन्ही बाजूंच्या काचेपासून ३० सेंमी आत एकेक टांग. चार युनिट तेव्हा, जेव्हा टँकभर अ‍ॅक्रोपोरा (खूप उजेड मागणारे कोरल) लावायचेत, आणि खरं तर ४५ रुंदीला तेव्हाही मी आधी तीन लावून बघेन.

अजून एक, तुझ्या टँकला वर मधोमध काचेची पट्टी आहे का? ४ फुटीला बहुतेक असते. एकच लाइट मधोमध टांगलास तर तो बरोब्बर त्या पट्टीवर येणार, पट्टीवर पाणी उडून मिठाची पापडी धरते आणि सगळ्यात चांगला उजेड त्या पापडीतच जिरतो.

खारट_ठाणेकर
पट्टी आहे!! आणि पापडी पण आहे, कालच पुसली 😅 पण उजेड पुरतोय का जास्त होतोय हे कळणार कसं? मोबाइलवर लक्समीटरचं अ‍ॅप चालेल का?

झोआवेडा_पुणे
नको. लक्स म्हणजे माणसाच्या डोळ्याला किती उजेड दिसतो ते, आपल्या डोळ्याला निळा फिका वाटतो आणि कोरलच्या आतल्या शेवाळाला नेमका तोच लागतो, त्यामुळे निळ्या लाइटखाली अ‍ॅप भलतंच काहीतरी सांगतं. खरं माप म्हणजे पार (PAR), त्या शेवाळाला कामी येणारा उजेड किती ते. ढोबळ आकडे लक्षात ठेव, मशरूम आणि झोआ ५० ते १००, हॅमर १०० ते १५०, अ‍ॅक्रोपोरा २०० च्या वर. मीटर महाग आहे, विकत घेऊ नकोस, कुणाचा तरी दोन दिवस मागून आण.

न्यूजर्सीकर_आबा
माझी फजिती ऐका म्हणजे पैसे वाचतील. सेम साइझचा टँक, मी शहाणपणा करून एकच दणदणीत लाइट मधोमध लावला आणि तोही पहिल्या दिवसापासून फुल्ल, म्हटलं पैसे दिलेत तर वापरू. आठवड्याभरात मधल्या खडकावरचा मशरूम आक्रसून वाळलेल्या आमसुलाएवढा झाला, मग पांढराफटक. आणि त्याच टँकमध्ये कोपऱ्यातले झोआ उजेडासाठी माना लांब करून उभे, लोकलच्या दारात हवा खायला लटकलेल्या पब्लिकसारखे. एकाच पाण्यात एक भाजून मेला, दुसरा अंधारात. इथल्या क्लबातून पार मीटर भाड्याने आणला तर खडकाच्या माथ्यावर ३१० आणि कोपऱ्यात ४०!! दुसरा लाइट घेतला, दोन्ही ३५ टक्क्यांवर ठेवले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. एका बाजूनेच उजेड आला की खडकाच्या खाली काळीकुट्ट सावली पडते ती पण दोनमुळे बरीच गेली.

तर ताई, दोन घे पण कंजूषपणे चालव. पहिला आठवडा ३० टक्के, मग दर आठवड्याला पाच-पाच वाढव, झोआ पसरून बसले की तिथेच थांब. लाइटमधल्या पांढऱ्या दिव्यांचा चॅनल अगदी थोडा. दिवसाला ८-९ तास बास. कमी उजेडातून कोरल सावरतो, भाजलेला सहसा नाही.

मालवणी_डायव्हर
आबांशी सहमत. लोकांना वाटतं कोरल म्हणजे भर उन्हातलं काम. भर दुपारी समुद्राच्या वर पार २००० च्या आसपास जातो खरा, पण आमच्या मालवणच्या गढूळ पाण्यात खाली जाऊन बघा, कधी कधी हात लांब केला तर बोटं धूसर दिसतात आणि तिथेही कोरल खडकाला धरून आहेत. तपकिरी, मळकट, फोटोत काही दिसणार नाहीत, पण जिवंत आहेत.

आणि ते हॅमरचं जरा बघून हां. हॅमर हा हार्ड कोरल, आणि आपल्याकडे सगळे हार्ड कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत, वाघाच्या पंक्तीत. बाहेरून आणलेला असेल तर इंपोर्टचे कागद बघायला माग, "इकडचाच आहे, फ्रेश आहे" म्हणाला तर चप्पल घालून सरळ बाहेर पड. झोआ-मशरूमवर वर्षभर हात बसव आधी.

खारट_ठाणेकर
हॅमर कॅन्सल. दोन ९० वॉटचे मागवले होते, काल टांगले, ३० टक्क्यांवर आहेत. फुल्ल चालवले असते तरी नऊ तासाला विजेची दीड-पावणेदोन युनिटं म्हणजे महिन्याला पन्नासेक युनिटं, हा हिशोब घरी सांगितला तेव्हा वातावरण जरा निवळलं. पट्टी बरोबर दोघांच्या मध्ये आली. पहिले झोआ डाव्या कोपऱ्यात खाली वाळूवर ठेवलेत, अजून मिटूनच आहेत, एकच तोंड अर्धं उघडलंय. अडचण एकच, सासूबाईंनी संध्याकाळी हॉलमध्ये पाऊल टाकलं, तो निळा उजेड बघितला आणि विचारलं, घरात लेडीज बार काढलास का गं?

झोआवेडा_पुणे
😂😂 संध्याकाळी सात ते नऊ पांढरा थोडा वाढव, पाहुणे गेले की परत निळा. आणि झोआ चार दिवस मिटून राहिले तरी हलवू नकोस त्यांना.