मदत हवी आहे : १/२४ इंजिनासाठी स्टीलच्या जाळीचे पाइप

धानपट्टा (लाखांदूर, जि. भंडारा)
१/२४ मापाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या) मॉडेल किटमधलं शेव्हरले स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन डिटेल करायला घेतलं आहे. गाडी रेसिंगची, त्यामुळे फ्युएल आणि ऑइलच्या लाइन स्टील ब्रेडेड, म्हणजे वरून स्टीलच्या तारांची जाळी विणलेल्या, हव्यात. गिटारची गुंडाळलेली तार लावली तर जाळी न दिसता स्प्रिंग दिसते. टीव्हीच्या केबलची जाळी जाड पडते आणि कापली की टोक पिंजतं. तयार लाइन ऑनलाइन आहे, पण वीतभर तुकड्यापेक्षा कुरिअरच महाग. तालुक्याच्या बाजारात मिळेल अशा सामानातून काय जमेल? आणि टोकाचे लाल-निळे नट कशाचे करायचे?

गॅस्केट_भाऊ
सामान शोधण्याआधी माप काढा, बहुतेकांचं तिथंच बिघडतं. अशा लाइनचं माप एएन नंबरात सांगतात. एएन नंबर म्हणजे धातूच्या नळीचा बाहेरचा व्यास, एक इंचाच्या सोळाव्या भागात. एएन-६ म्हणजे ६/१६, म्हणजेच ३/८ इंच. पण मॉडेलवर दिसते ती जाळीसकट जाडी. ती एएन-६ ला साधारण १४ मिमी, एएन-८ ला १७, एएन-१० ला २०. २४ ने भागा : ०.६, ०.७, ०.८ मिमी. फ्युएलला ६ किंवा ८ धरा, ऑइल कूलरला १०. टीव्ही केबलची जाळी सोडाच, १.२ मिमीची लाइन लावली तरी खऱ्या गाडीवर ती २९ मिमी होते. ती फ्युएल लाइन नाही, बोअरवेलचा पाइप झाला.

ब्रेकची एएन-३ लाइन ०.२५ मिमीच येते. त्या मापात जाळी डोळ्याला दिसतच नाही. ३३ गेजची मोटर वायंडिंगची तार चंदेरी रंगवा, विषय संपला.

आता जाळी. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मेलेल्या फोनचा ढीग असतो. बऱ्याच फोनमध्ये वरच्या बोर्डापासून खालच्या चार्जिंगच्या बोर्डापर्यंत केसासारखी बारीक अँटेना केबल जाते, दोन्ही टोकांना गोल पितळी टिकली असलेली. तिचं वरचं कवच काढलं की आत ०.६ च्या आसपास जाळी मिळते. लॅपटॉपच्या झाकणातून वायफाय कार्डाकडे येणारी केबल बाहेरून १.१३ मिमी असते, जाळी ०.९ च्या जवळपास. ती ऑइल लाइनला चालते, शिवाय हात-दीड हात लांब मिळते. घेताना भिंगातून बघून घ्या. काही केबलींत जाळी विणलेली नसते, तारा एकाच दिशेने गुंडाळलेल्या असतात. ती घेतली तर पुन्हा तुमची गिटारची तारच.

कवच सोलणं हेच खरं किचकट काम. काचेवर केबल ठेवून नव्या ब्लेडखाली हलक्या हाताने फिरवा, एक-एक सेंटिमीटरवर खूण पाडा आणि तुकडा-तुकडा ओढून काढा. सगळं एकदम ओढलं की जाळी सोबत सरकते आणि एका टोकाला गोळा होते. आतलं पांढरं प्लास्टिक आणि तांब्याची तार काढू नका, वळण त्यांच्यामुळेच टिकतं.

करदोडा
टोक पिंजते ते कापल्यावर गोंद लावता म्हणून. गोंद आधी, काप नंतर, हा क्रम धरा. जिथं कापायचं तिथं सुईच्या टोकाने पातळ फेविक्विकचा कणभर थेंब, दोन मिमीच्या पट्ट्यात. जास्तीचा लगेच टिपून घ्या, नाहीतर तो जाळीतून पुढं पळतो आणि सगळी लाइन चकचकीत होते. पूर्ण वाळल्यावर ब्लेडखाली फिरवत कापा. कटर वापरू नका, टोक चपटं होऊन फिटिंगमध्ये (टोकाच्या नटाच्या जोडणीत) जात नाही.

आपल्याकडे एक भानगड आहे. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने धरतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत उशिरा धरते, घाई करू नका. पावसाळ्यात पटकन धरते, पण बाजूला पांढरी बुरशीसारखी झाक येते. गोंद कमी वापरायचा आणि तुकडा डबीत बंद न करता उघडा ठेवायचा. झाक आलीच तर त्यावर ग्लॉस क्लिअरचा (चकचकीत पारदर्शक वार्निशचा) हात मारा, दबून जाते.

काळी नायलॉन जाळीची लाइन हवी असेल तर मासेमारीची ब्रेडेड दोरी घ्या, पण काळीच मागा. ती पॉलिइथिलिनची असते, तिच्यावर ना रंग धरत ना मार्कर. आणि गावातल्या वायंडिंगच्या दुकानात कॉइलच्या टोकांवर चढवायची फायबरग्लासची विणलेली स्लीव्ह मिळते. १/२४ ला ती जाडच, पण १/१२ ला मस्त.

धानपट्टा
फोनवाल्याकडे चक्कर मारतो. फिटिंगचं काय? आणि वळवताना बाहेरच्या बाजूला जाळी उघडून आतलं पांढरं दिसते, त्याला उपाय?

गॅस्केट_भाऊ
पांढरं दिसतं म्हणजे वळण फार आखूड आहे. ६ मिमीच्या सळईवर, टोकं बोटांनी आत ढकलत वळवा. ओढून वळवलं की जाळी ताणून आवळते, ढकललं की फुगून तारा जवळ येतात. खरी ब्रेडेड लाइनसुद्धा काटकोनात मोडत नाही, म्हणून तर ४५ आणि ९० अंशांची फिटिंग असतात. जिथं जागा नाही तिथं लाइन मोडण्यापेक्षा फिटिंगच वाकडं दाखवा.

फिटिंगच्या मागच्या भागात लाइनचं टोक शिरतं, त्या नळीसाठी मेडिकलमधून कोऱ्या इंजेक्शनच्या सुया आणा. २० गेजचं आतलं माप ०.६० मिमी, बाहेरचं ०.९१. १८ गेजचं आत ०.८४, बाहेर १.२७. ०.६ च्या लाइनला २०, ०.८ च्या लाइनला १८. टोकदार भाग आधी कापून जाड डबीत बंद करा. नळीत बारीक तार घालून तिकोनी कानशीच्या कडेखाली फिरवत खाच पाडा आणि मोडा. तार नसेल तर तोंड दबते आणि ०.८ मिमीचा तुकडा उडून जातो, तो परत सापडत नाही.

षटकोनी नटासाठी स्टीलच्या सुईला सहा बाजू घासायच्या फंदात पडू नका. पारदर्शक षटकोनी बॉलपेनची रिकामी नळी मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता फिरवा. मऊ झाली की बाजूला घेऊन सावकाश ओढा. बारीक होते तरी सहा बाजू तशाच राहतात, आतलं भोकही राहतं. एक मिमीच्या आसपासचा भाग निवडून चकत्या कापा. जोरात ओढली तर मधे दोरा होतो.

रंगात आधी चकचकीत चंदेरी, त्यावर तामिया या मॉडेल रंगाच्या कंपनीचा पारदर्शक क्लिअर ब्लू एक्स-२३ नटाला आणि क्लिअर रेड एक्स-२७ मागच्या नळीला. नसेल तर चंदेरीवर परमनंट मार्कर, फरक फारसा कळत नाही. जाळीवर मात्र पातळ केलेला काळा रंग सोडून लगेच पुसा, वीण उठून दिसते.

करदोडा
लाइन कुठून कुठं न्यायची तेही बघून घ्या. या इंजिनाचा मेकॅनिकल फ्युएल पंप पुढच्या बाजूला उजवीकडे खाली, ऑइल फिल्टर मागं डावीकडे. डावं-उजवं ड्रायव्हरच्या सीटवरून. फिल्टरच्या जागी अडॅप्टर दाखवून तिथून दोन लाइन पुढं कूलरला न्या. रेडिएटरचे जाड होज साध्या काळ्या रबराचेच ठेवा, त्यांना जाळी चढवू नका.