माल्डनचे रणांगण: दोष सरदाराचा, निष्ठा सोबत्यांची

‘बॅटल ऑफ माल्डन’ या जुन्या इंग्रजी काव्यात व्हायकिंगांशी लढताना पडलेल्या सरदाराच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या बलिदानाला कुणी निव्वळ अहंकाराची किंमत म्हणतात, ते मला अर्धेच पटते. 991 साली इंग्लंडमधील एसेक्सचा सरदार बिर्तनॉथ याने ओहोटीत उघड्या पडलेल्या अरुंद वाटेवरून व्हायकिंगांना अलीकडे येऊ दिले, आणि कवीने त्यासाठी वापरलेला ‘ऑफरमोड’ (अति गर्व किंवा अति धाडस) हा शब्द, ज्याच्या नेमक्या अर्थावर अभ्यासक अजून भांडतात, बहुधा दोष देणाराच आहे. पण सरदार पडतो तेव्हा काव्य संपत नाही, उलट खऱ्या अर्थाने तिथेच सुरू होते. त्याच्या सोबत्यांपैकी गॉड्रिक धन्याच्याच सजवलेल्या घोड्यावर बसून पळतो आणि तो घोडा ओळखून अनेकांना धनीच निघाला असे वाटते, त्यामुळे फळी फुटते. यानंतर जे उरतात त्यांना हार दिसत असते. विजयाची आशा नसताना उभे राहणे हा त्यांचा स्वतःचा निर्णय आहे, सरदाराची चूक नव्हे. त्यांत डन्नेरे नावाचा साधा शेतकरीही भाला परजतो, आणि म्हातारा बिर्तवोल्ड म्हणतो की बळ ओसरेल तसे मन अधिक कणखर व्हायला हवे.

काव्याचा आरंभ व शेवट हरवला आहे (उरलेले हस्तलिखितही 1731 च्या आगीत गेले, सुदैवाने नक्कल झाली होती). उपलब्ध शेवटच्या ओळींत दुसरा एक गॉड्रिक लढताना दिसतो, आणि हा तो पळालेला गॉड्रिक नव्हे, हे कवी आवर्जून सांगतो.