मदत हवी आहे: चित्र विकायचं की वापरायला द्यायचं? (इलस्ट्रेशनचे दर, ओपन फाईल, हक्क)

नमस्कार मंडळी,

मी मिरजेत राहते. कोल्हापूरला अप्लाइड आर्ट केलं, मग पुण्यात एका एजन्सीत काही वर्षं पॅकेजिंगचं काम केलं आणि आता घरूनच फ्रीलान्स करते. घर चालतं ते लोगो, मेन्यूकार्ड, शाळांची माहितीपत्रकं, सोशल मीडियाच्या पोस्ट यांच्यावर, पण मनापासून करायचंय ते इलस्ट्रेशन, आणि ते काम आता कुठे यायला लागलंय. आणि नेमकं तिथेच अडलंय, कारण लोगोचा दर सांगता येतो, तासांचा हिशोब मांडता येतो, पण चित्राचा दर म्हणजे नक्की कशाचा दर हे मला समोरच्याला पटवून देता येत नाहीये.

दोन कामं एकदम समोर आहेत, दोन्हींबद्दल विचारते.

पहिलं काम कराडकडच्या एका घरगुती मसालेवाल्यांचं. त्यांच्या कांदा-लसूण मसाल्याच्या पाऊचसाठी उखळात मसाला कुटणाऱ्या बाईचं चित्र काढलं, त्यासाठी कांडप केंद्रावर बसून स्केचेस केली, हात कसा पडतो, पदर कसा खोचलेला असतो सगळं बघितलं. माणसं चांगली आहेत, पैसे वेळेवर देतात, घरी गेलं की जेवल्याशिवाय सोडत नाहीत. कोटेशनमध्ये "पाऊच डिझाइन व इलस्ट्रेशन" असं होतं आणि एक रक्कम होती. आता तीच बाई त्यांच्या टेम्पोवर आहे, दुकानाच्या बोर्डावर आहे, कॅलेंडरवर आहे, आणि गेल्या आठवड्यात फोन आला की ताई ओपन फाईल (ज्यात चित्र बदलता येतं ती मूळ फाईल) पाठवून द्या, आमचा पुतण्या कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) शिकलाय, तो मेतकूट आणि शेंगदाणा चटणीसाठी त्यातच बदल करील. मी म्हटलं त्याचे वेगळे पैसे होतील, तर म्हणाले, "चित्राचे पैसे दिले ना ताई, मग चित्र आमचंच की." ते रागावून बोलले नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं. भिंत रंगवून घेतली की भिंत आपलीच राहते, तसं.

दुसरं काम लहान मुलांच्या चित्रपुस्तकाचं, २४ पानं आणि मुखपृष्ठ. प्रकाशकांनी करार पाठवलाय. ठोक रक्कम, दोन हप्त्यात, आणि त्याबदल्यात "सर्व भाषा, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी, जगभरातील हक्क" त्यांचे. मुखपृष्ठावर फक्त लेखकाचं नाव, माझं आत बारीक अक्षरात, मुद्रक आणि अक्षरजुळणीच्या शेजारी. या गोष्टीने मला सगळ्यात जास्त त्रास होतोय हे स्पष्टच सांगते. ज्या पुस्तकात पानावर दोन ओळी मजकूर आणि उरलेलं सगळं पान चित्र आहे, ते वाचता न येणारं मूल चित्रावरूनच वाचतं ना? आपल्याकडे दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ बघून दिवाळी अंक उचलणारे वाचक होते, शि. द. फडणीसांचं चित्र खाली सही न बघता लोक ओळखतात, आणि त्याच मराठीत आज चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर यावं म्हणून विनंती करायला लागते.

तर मला विचारायचंय की करारात काहीच लिहिलेलं नसेल तर कायद्याने चित्र कोणाचं? ओपन फाईल देता का, आणि देत असाल तर दर कसा लावता? आणि फक्त इलस्ट्रेशनवर उभं राहायचं असेल तर हे हक्कांचं बोलणं सुरुवातीलाच काढायचं का, की आधी नाव होऊ दे म्हणून गप्प बसायचं? सासरचे म्हणतात आधी काम घे मग बोल. मला पटत नाहीये, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाहीये.

रंगपेटी (पुणे)

आधी नाव होऊ दे वगैरे काही नाही, पहिल्या फोनलाच बोलायचं. मी वीसेक वर्षं हेच करतोय, आणि ज्यांच्याशी आधी बोललो ते क्लायंट टिकले आणि ज्यांच्याशी नंतर बोललो त्यांच्याशी कटुता आली.

मी कोटेशनमध्ये "चित्र" ही एक ओळ लिहीतच नाही. कशावर वापरणार, किती काळ, कुठे, आणि फक्त त्यांनीच वापरायचं की मी दुसऱ्यालाही देऊ शकतो, एवढं त्यात असतंच असतं. उदा. "मसाला पाऊच, सर्व साइझ, ३ वर्षं, भारतात, फक्त तुमच्यासाठी." मग टेम्पो आणि बोर्ड आला की नवीन ओळ वाढते आणि त्याचे मूळ फीच्या काही टक्के. लोकांना हे कळतं हो, फक्त आधी सांगावं लागतं. ज्यांना सगळंच कायमचं पाहिजे असतं त्यांनाही नाही म्हणत नाही, पण तो आकडा वेगळा असतो, माझ्याकडे साधारण मूळ फीच्या दुप्पट ते तिप्पट. बऱ्याचदा तो ऐकला की लोक आपणहून म्हणतात की आम्हाला पाऊचपुरतंच पाहिजे.

ओपन फाईल मी देत नाही. थेट छापायला जाणारी पीडीएफ देतो, अक्षरं आकारात बदललेली (फॉन्ट आउटलाइन), छपाईच्या चार रंगांत (सीएमवायके), कापण्यासाठी कडेला ३ मिमी जादा (ब्लीड). मसालेवाल्यांना खरं तर तेवढंच लागतं. आणि पुतण्याचं म्हणशील तर मेतकुटाचं नि चटणीचं पाऊच तूच करून दे, कमी दरात, कारण बाई तीच राहणारे, रंग आणि भोवतीची सजावट बदलणारे. मालिका एकाच हाताची दिसली की रॅकवर ब्रँड लांबून ओळखू येतो, हे त्यांना समजेल असं सांग.

अर्धविराम (ठाणे)

मी वकील आहे, बौद्धिक संपदेचं काम करते. हा सर्वसाधारण खुलासा समज, तुझी कागदपत्रं बघून दिलेला सल्ला नव्हे.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. कलम १७ प्रमाणे कृती ज्याने केली तो पहिला मालक. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून केलं तर मालकी कंपनीची, म्हणून एजन्सीतल्या चित्रांवर तुझा हक्क नसतो. पण त्याच कलमात एक अपवाद आहे आणि तो चित्रकारांनी नीट वाचला पाहिजे: मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट किंवा एनग्रेव्हिंग केलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक सांगणारा. आता कायद्याच्या व्याख्येत पेंटिंग आणि ड्रॉइंग हे वेगवेगळे शब्द आहेत आणि या अपवादात ड्रॉइंग नाही. टॅबलेटवर काढलेलं पाऊचचं चित्र यातलं काय, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. त्यामुळे "पैसे दिले म्हणून आमचं" हे मसालेवाल्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, आणि तुझंही नाही. म्हणूनच कागद पाहिजे.

प्रकाशकाच्या कराराचं: हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं (कलम १९). मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. तुझ्या करारात दोन्ही लिहिलंय, म्हणजे सही केलीस की गेलं. पण कलम ५७ चे विशेष अधिकार हक्क विकल्यावरही तुझ्याकडेच राहतात: ही कृती माझी आहे असं सांगण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा. नाव मुखपृष्ठावरच द्या असं त्यात थेट म्हटलेलं नाही, पण बोलणी करताना तुला आधार आहे. नाव कुठे आणि किती मोठं येणार ते करारातच लिहून घे, आश्वासनावर राहू नकोस.

आणखी एक. उद्या मसालेवाले लेबलच्या चित्राची कॉपीराइट नोंदणी करायला गेले तर अर्जात चित्रकाराचं नाव येतं आणि चित्रकाराची एनओसी (ना-हरकत पत्र) मागतात. म्हणजे तुझ्याशी कागद नीट असणं त्यांच्याही सोयीचं आहे. भांडण म्हणून नको, हे असं सांगून बोल.

तिखटमीठ

मी दुसऱ्या बाजूची. आमचा पापड-लोणच्याचा धंदा आहे म्हणून लिहिते, राग मानू नका. आम्हाला ओपन फाईल का पाहिजे असते सांगू का? भीती. आमचे पहिले डिझायनर दुबईला गेले, फोन बंद, आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) नंबर बदलला तेव्हा एक ओळ बदलायला अख्खं पाऊच नव्याने करून घ्यावं लागलं. त्यात पाऊचची छपाई ग्रॅव्ह्युरवर (कोरलेल्या सिलिंडरने छापायची पद्धत), प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, त्याचा खर्च चित्राच्या कितीतरी वर जातो. तेव्हा धंदेवाल्याला वाटतं की आपल्या हातात काहीतरी असावं.

तुम्ही त्यांना मजकुराचा भाग, म्हणजे वजन, किंमत, घटक, पत्ता, हा उघडा ठेवून आणि चित्र एकाच लेअरमध्ये सपाट करून (म्हणजे त्यातले भाग सुटे बदलता येणार नाहीत असं) फाईल दिलीत तर? एमआरपी बदलायला पुतण्या मोकळा आणि बाईला कोणी हात लावणार नाही. आमच्या आताच्या डिझायनरबाईंनी तेच केलंय आणि आम्ही निवांत आहोत.

रंगपेटी (पुणे)

हे उत्तम आहे, मी पण आता असंच करणार. चित्र प्रिंट साइझला ३०० डीपीआयवर सपाट कर, व्हेक्टर (कितीही मोठं केलं तरी न बिघडणारी फाईल) देऊ नकोस, म्हणजे टेम्पोएवढं मोठं करायचं झालं की तुझ्याकडेच यावं लागेल.

आणि पैशाचं एक राहिलं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून टाक, सरकारी साइटवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस. एमएसएमई कायद्याने लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. २०२३ च्या अर्थसंकल्पापासून तर वेळेत पैसे दिले नाहीत तर समोरच्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच वजावटीत धरता येतो, त्यामुळे त्यांचे सीएच मागे लागतात. फक्त नोंदणी काम घ्यायच्या आधीची पाहिजे आणि बिलावर नंबर पाहिजे. प्रकाशकाने टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापला तर आयकर खात्याच्या साइटवर तो तुझ्या नावे दिसतोय का ते बघत जा, रिटर्न भरलं की हिशोबात येतो.

मिरजेहून (मूळ प्रश्नकर्ती)

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, आणि तिखटमीठ तुमचे विशेष, कारण भीतीचं मला कोणी सांगितलंच नव्हतं आणि मी ते हावरेपणाच्या खात्यात टाकत होते.

काल मसालेवाल्यांशी बोलले. मजकूर उघडा, चित्र सपाट, हे त्यांना लगेच पटलं. मेतकूट आणि चटणीचं काम माझ्याकडेच येतंय आणि टेम्पो, बोर्ड, कॅलेंडरसाठी वर्षाची एक छोटी रक्कम ठरवू असं काकाच म्हणाले, कागद मी करून नेणार आहे. अर्धविराम, एनओसीचं ऐकल्यावर काकांनी स्वतःहून विचारलं की मग सही कुठे करायची.

प्रकाशकांना मेल केलाय. मराठी छापील आवृत्ती आणि ई-बुक, ७ वर्षं, बाकी भाषांसाठी वेगळं बोलू, आणि नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या बरोबरीने. त्यांचं उत्तर आलं, मुदतीचं बघू म्हणाले, पण मुखपृष्ठावर नाव "आमच्या मालिकेत तशी पद्धत नाही". रक्कम थोडी वाढवायला तयार आहेत. मला इथे पैसे नकोत, नाव पाहिजे. कोणी मराठी प्रकाशकाकडून हे करून घेतलंय का, आणि मालिकेची पद्धत म्हणणाऱ्यांना नक्की काय बोललात? मला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय, आणि नाव येणार नसेल तर हे पुस्तक सोडायची माझी तयारी आहे.