हलकं रिव्हॉल्व्हर आणि पुढे सरकणारी गोळी
'अलास्कात अस्वलांच्या मुलखात फिरताना .44 मॅग्नम (जोरदार काडतुसाचं रिव्हॉल्व्हर) हवं तर सगळ्यात हलकं घ्या', हा नेहमी ऐकू येणारा सल्ला मला अर्धाच पटला. वजनाचं खरं आहे, रुगर कंपनीचं आखूड नळीचं 'अलास्कन' रिव्हॉल्व्हर सव्वा किलोच्या आसपास भरतं आणि चढावर ते जाणवतंच. पण हलक्या रिव्हॉल्व्हरचा धक्का नुसता मनगटाला बसत नाही, सिलिंडरमधल्या (काडतुसं ठेवायच्या फिरत्या भागातल्या) न उडालेल्या काडतुसांनाही बसतो. काडतुसाची केस, म्हणजे गोळी धरून ठेवणारी धातूची नळी, झटक्यात मागे जाते, जड गोळी जागीच राहू पाहते आणि हळूहळू केसबाहेर सरकते. अशी पुढे आलेली गोळी अडकली आणि माझं सिलिंडर चौथ्या बारानंतर फिरेचना! नेमबाजीच्या रेंजवर होतो म्हणून निभावलं.

तेव्हापासून नवी काडतुसं आणली की पाच बार काढतो आणि सिलिंडरमध्ये उरलेल्या सहाव्या काडतुसाची लांबी कॅलिपरने (बारीक मापाच्या साधनाने) आधी-नंतर मोजतो. लांबी वाढली असेल तर ती काडतुसं जंगलात नेत नाही.