मदत हवी आहे: परिषदेच्या पेपरमधून आक्कांचं म्हणणं काढून टाकू का?

नमस्कार मंडळी,

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीचं काम बघते आणि नोकरी सांभाळून पीएचडी करते. टीक्यूएम, म्हणजे संपूर्ण गुणवत्ता व्यवस्थापन, या विषयावरच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत माझा पेपर घेतलाय, पण दुरुस्त्या करायला सांगून. परिषद युरोपातल्या एका विद्यापीठात आहे. दुरुस्त प्रत पाठवायला वीस दिवस उरलेत, मर्यादा आठ पानांची. बोलायला पंधरा मिनिटं आणि प्रश्नांना पाच.

आधी नेमकं काय घडलं ते सांगते, म्हणजे प्रश्न कळेल.

आमच्याकडे पंपाची बॉडी ओततात. पावसाळा आला की ब्लो होलचं, म्हणजे धातूत वायू अडकून पडलेल्या भोकांचं, रिजेक्शन चढतं. वरून कास्टिंग गुळगुळीत दिसतं, फेटलिंगमधून (ओतल्यानंतरच्या साफसफाईतून) पास होतं आणि गिऱ्हाइकाकडे मशिनिंगला लागलं की आत भोक उघडं पडतं. तोवर माल, भाडं, मशीनचा वेळ सगळं वाया गेलेलं असतं. गेल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात फक्त ब्लो होलचं रिजेक्शन ७.६ टक्के होतं.

आम्ही रीतसर बसलो. माशाचा सांगाडा, म्हणजे संभाव्य कारणं फांद्यांवर मांडायची आकृती, काढला. 'मटेरियल'च्या फांदीवर वाळूतला ओलावा आला, 'मेथड'वर ओतायचं तापमान आणि व्हेंटिंग (साच्यातला वायू बाहेर जायची वाट) आलं. 'मॅन'ची फांदी मात्र भरून वाहायला लागली: ऑपरेटरचा निष्काळजीपणा, लक्ष नाही, ट्रेनिंग कमी. वाळूचा ओलावा दर दोन तासांनी मोजून बघितला, मर्यादेत होता. तापमानही ठीक. मग उरला तो निष्काळजीपणा, आणि दोघा मोल्डरना, म्हणजे साचे करणाऱ्यांना, लेखी ताकीद गेली.

आमच्या कोअर शॉपमध्ये एक आक्का आहेत, एकोणीस वर्षं कोअर करतात. कोअर म्हणजे कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. आमचे कोअर सोडियम सिलिकेटचे, सीओटू गॅस देऊन कडक करतात. ताकीद गेल्यानंतर चार दिवसांनी मी राउंडला गेले तेव्हा त्यांनी मला थांबवलं, माझा हात धरला आणि रॅकच्या खालच्या फळीवरच्या एका कोअरवर टेकवला. मग वरच्या फळीवरच्या कोअरवर. म्हणाल्या, "मॅडम, ह्यो गार लागतोय बघा. उन्हाळ्यात न्हाई लागत. कोअर रडतोय ह्यो." खरंच खालचा गार होता, ओलसर. वरचा कोरडा, बोट फिरवलं तर खरखरीत.

मी विचारलं, मीटिंगमध्ये का नाही बोललात? त्या म्हणाल्या, "कागद माझ्या नावानं आला असता तर?"

त्यानंतर त्यांनी स्वतःहून खालच्या फळीवरच्या कोअरला खडूची रेघ मारायला सुरुवात केली. ओतल्यावर रेघ जळून जाते, म्हणून मोल्डचा नंबर नातवाच्या शाळेच्या वहीत लिहायच्या, एका बाजूला खालचे आणि दुसऱ्या बाजूला वरचे. जुलैच्या पंधरा दिवसांत त्याच शिफ्टमधली, त्याच वाळूतली, त्याच भट्टीची ४२० कास्टिंग झाली. खालच्या फळीच्या कोअरची २१२, त्यांत ३१ ब्लो होल. वरच्या फळीची २०८, त्यांत ९.

त्यानंतर आम्ही खालची फळी रिकामी ठेवली, शटरला प्लॅस्टिकचा पडदा लावला, कोअर पुढच्या शिफ्टसाठी शिल्लक ठेवायचे बंद केले आणि वापरण्याआधी ते गरम करून घ्यायला लागलो. या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरचं रिजेक्शन ४.४ टक्के आलं. मोल्डरांना दिलेली ताकीदही मागे घेतली, त्यासाठी मला बरंच भांडावं लागलं.

आता परीक्षकांचं म्हणणं. पहिल्या परीक्षकानं लिहिलंय की चौथ्या भागातली कामगाराची कहाणी किस्सेवजा आहे, ती गाळावी आणि आधी-नंतरचा कंट्रोल चार्ट (वेळेनुसार रिजेक्शन आणि त्याच्या मर्यादा दाखवणारा आलेख) द्यावा. दुसऱ्याचं म्हणणं, एकाच कारखान्यातला अनुभव आहे, यातून सिद्धान्ताला काय मिळालं ते दिसत नाही. माझे गाइड म्हणतात, ऐक त्यांचं, "साठवणुकीतील आर्द्रता हे मूळ कारण आढळले" असं एक वाक्य घाल आणि पुढे हो.

ते वाक्य मी लिहूनही बघितलं. पण "आढळले" म्हणजे कुणाला आढळलं? सांगाडा काढणाऱ्या आम्हा सहा जणांना तर नाही. गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांच्या चौदा मुद्द्यांतला आठवा मुद्दा भीती घालवा असा आहे आणि बारावा कामाचा अभिमान हिरावणारे अडसर दूर करा असा. हे दोन्ही मुद्दे मी पेपरच्या दुसऱ्या भागात संदर्भासह लिहिलेत. ज्या बाईमुळे त्यांचा अर्थ मला कळला, तिलाच चौथ्या भागातून काढून टाकायचं मला जमत नाहीये.

म्हणून विचारते:

आक्कांचा भाग शास्त्रीय पद्धतीत बसेल असा कसा लिहू? त्यांचं नाव कुठे द्यावं, आभारात की सहलेखक म्हणून? कंट्रोल चार्टमध्ये दर आठवड्याची संख्या वेगवेगळी आहे, ते कसं दाखवू? आणि एक बारीक शंका: परिषद खरी आहे की नुसती फी गोळा करणारी, हे ओळखायच्या खुणा काय? घरचे पैसे जाणार आहेत, म्हणून विचारते.

कोअरशॉप

प्रतिसाद: आकडेमोड

आधी तुमच्या आधी-नंतरच्या तुलनेबद्दल. उपाय जुलैअखेर केलात आणि पाऊस सप्टेंबरात ओसरतो. जुलैशी सप्टेंबरची तुलना केलीत तर कुणीही म्हणेल, पाऊस कमी झाला म्हणून रिजेक्शन उतरलं. तुम्ही गेल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरशी तुलना केलीत ते बरोबर, पण दोन वर्षांचा पाऊस सारखा नसतो. म्हणजे हा पुरावा कच्चाच.

पक्का पुरावा आक्कांच्या वहीत आहे. दिवस तेच, वाळू तीच, भट्टी तीच, फरक फक्त फळीचा. जपानी गुणवत्तातज्ज्ञ इशिकावा यांच्या सात साधनांमध्ये याला स्तरीकरण, म्हणजे आकडे गटवार वेगळे करणं, म्हणतात. मी हिशोब केला: खाली १४.६ टक्के, वर ४.३ टक्के. काय-वर्ग, म्हणजे फरक योगायोगाचा आहे का हे तपासायचा आकडा, साधारण १२.९ येतो. एवढा फरक निव्वळ योगायोगानं पडण्याची शक्यता हजारात एकाहून कमी. परीक्षक ज्याला किस्सा म्हणतोय तो तुमच्या पेपरमधला सगळ्यात भक्कम विदा आहे, आणि तुम्ही तो परिच्छेदात लपवलाय. दोन ओळींचा तक्ता करा.

चार्टचं सोपं आहे. पी-चार्ट (सदोष मालाच्या प्रमाणाचा कंट्रोल चार्ट) घ्या, दर आठवड्याच्या संख्येनुसार मर्यादा काढा. रेषा सरळ येणार नाही, पायऱ्या दिसतील, ते चालतं. जुलैअखेर उभी रेघ मारून पुढच्या मर्यादा वेगळ्या काढा.

प्रतिसाद: मेघना_टी

मी व्यवस्थापन शिकवते, तेव्हा दुसऱ्या परीक्षकाबद्दल बोलते.

एका कारखान्याचा अभ्यास चालत नाही, असं नाही. रॉबर्ट यिन यांनी केस स्टडीबद्दल हेच मांडलंय की अशा अभ्यासातून आकड्यांचं सामान्यीकरण करायचं नसतं, सिद्धान्ताशी ताडून बघायचं असतं. तुम्ही "सगळ्या फौंड्रींत असंच होतं" असा दावा करू नका. दावा असा करा: ज्ञान हाताला होतं, पण सांगाड्याच्या बैठकीत ते आलं नाही, आणि का आलं नाही याचं कारण भीती होतं.

याला सैद्धान्तिक घर आहे. मायकेल पोलान्यी यांनी अव्यक्त ज्ञानाची, म्हणजे हाताला कळतं पण शब्दांत सांगता येत नाही अशा ज्ञानाची, कल्पना मांडली. नोनाका आणि ताकेउची यांनी १९९५ मध्ये ती कारखान्यात आणली. त्यांचं गाजलेलं उदाहरण मात्सुशिता या जपानी कंपनीच्या घरगुती ब्रेड मशीनचं आहे. मशीनला कणीक नीट मळता येईना, तेव्हा इकुको तानाका ही सॉफ्टवेअर तयार करणारी बाई ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला गेली आणि तो कणीक ओढताना पीळ देतो हे तिनं पकडलं. तुमच्या आक्कांनी तुमचा हात धरून कोअरवर टेकवला, ती जातकुळी हीच. पण एक फरक आहे, तोच तुमचं योगदान: तिथे इंजिनिअर ज्ञानाकडे चालत गेली. इथे ज्ञान तुमच्याकडे चालत आलं, आणि तेही ताकीद गेल्यानंतर चार दिवसांनी. शिवाय अव्यक्त ज्ञान मोजता येईल असं करायचं काम वहीनं केलं, आणि वही आक्कांचीच.

मांडणीसाठी क्यूसी स्टोरी वापरा. जपानी क्वालिटी सर्कलवाले (गुणवत्ता सुधारणारे कामगारांचे गट) आपलं काम याच क्रमानं सांगतात: विषय, सद्यस्थिती, कारणांचा शोध, पडताळणी, उपाय, परिणाम, प्रमाणीकरण. टीक्यूएमच्या परिषदेत हा आराखडा कुणाला नवा नाही. आक्कांचं निरीक्षण 'गृहीतक' म्हणून घ्या, वही 'पडताळणी' म्हणून. शब्द त्यांचेच ठेवा, अवतरणात. "कोअर रडतोय" याचं भाषांतर आधी देऊ नका. मराठीत म्हणा, क्षणभर थांबा आणि मग अर्थ सांगा. पंधरा मिनिटांतलं हेच वाक्य लोकांच्या लक्षात राहील.

परिषदेबद्दल: दोन परीक्षकांनी असे नेमके शेरे दिलेत म्हणजे कुणीतरी पेपर वाचलाय, हीच मोठी खूण. नुसती फी गोळा करणाऱ्यांकडून चोवीस तासांत "अभिनंदन" येतं. तरी समितीतल्या दोघा-तिघांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन परिषदेचा उल्लेख आहे का बघा, मागच्या परिषदांचे निबंध कुठे छापलेत ते शोधा, आणि एकाच हॉटेलात एकाच दिवशी वीस विषयांच्या परिषदा ठेवणाऱ्यांपासून लांब राहा. युरोपात क्यूमॉडसारख्या गुणवत्ता व्यवस्थापनावरच्या जुन्या परिषदा आहेत, त्यांच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका बघितल्यात की खरी परिषद कशी असते त्याचा अंदाज येईल.

प्रतिसाद: जुना फौंड्रीवाला

ताई, चाळीस वर्षं याच धंद्यात काढली. सिलिकेटचा कोअर पावसाळी हवेत ओल धरतो हे खरं आहे, आणि ओतताना त्या पाण्याची वाफ होऊन धातूत शिरते. पण आणखी एक बघा. गॅस जास्त दिला तरी कोअर ठेवल्यावर ठिसूळ होतो, अंगावर पांढरी भुकटी येते. परिषदेत कुणी फौंड्रीतला भेटला तर पहिला प्रश्न हाच विचारेल. दोन्ही फळ्यांना गॅस सारखाच होता हे लिहा, किती सेकंद तेही लिहा.

सहलेखक म्हणाल तर मला विद्यापीठाचे नियम ठाऊक नाहीत. पण नाव घालायच्या आधी बाईंना विचारा. कागदाला भ्यायलेलं माणूस आहे, परदेशातल्या कागदावर नाव छापलेलं बघून खूश होईल की घाबरेल ते आपण ठरवू नये.

प्रतिसाद: कोअरशॉप

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता केला, चौथा भाग क्यूसी स्टोरीच्या क्रमानं पुन्हा लिहिला. गॅस दोन्हींना सारखाच होता, टायमर आहे, त्याची नोंद घातली. परिषदेची समिती तपासली, परिषद खरी आहे.

काल जेवणाच्या सुट्टीत आक्कांना चौथा भाग मराठीत वाचून दाखवला. त्या डबा बाजूला ठेवून ऐकत होत्या. "खालच्या फळीवरील कोअर ओलावा धरतात" या वाक्याला त्यांनी थांबवलं. "खालची न्हवं मॅडम. शटरजवळची. खालच्या फळीला आतल्या अंगाला ठेवलेलं कोअर बरं असत्यात." आणि वही उघडून दाखवली. खालच्या फळीच्या काही नंबरांपुढे एक बारीक टिंब होतं. मी महिनाभर ती वही हाताळतेय, मला ते टिंब पेनाचा डाग वाटलं होतं.

रात्री बसून पुन्हा मोजलं. खालच्या २१२ पैकी शटरकडची ११८, त्यांत २५ ब्लो होल. आतली ९४, त्यांत ६. म्हणजे खालच्या फळीची आतली बाजू जवळपास वरच्या फळीसारखीच. मी पेपरमध्ये जमिनीच्या ओलीबद्दल अर्धं पान लिहिलं होतं ते काढून टाकलं. दोष शटरमधून येणाऱ्या पावसाळी वाऱ्याचा दिसतोय, आणि खरा गुण बहुधा पडद्याचा आहे.

नावाचं विचारलं. आभारात पूर्ण नाव चालेल म्हणाल्या, फक्त नातवाकडून स्पेलिंग बघून घ्या. सहलेखकाबद्दल गाइडशी सोमवारी बोलणार आहे. लेखकाला मसुदा वाचून मान्यता द्यावी लागते, चुकांची जबाबदारी घ्यावी लागते. आक्कांनी काल दोन्ही केलं, असं मी गाइडना सांगणार आहे.

आकडेमोड, एक शेवटचं विचारते: आता वरची, खालची आतली आणि खालची शटरकडची असे तीन गट झालेत. तिन्ही एका तक्त्यात घालून एकच चाचणी लावू, की शटरकडची विरुद्ध बाकी सगळी अशी? टिंब आक्कांनी आधीच दिलं होतं, मी निकाल बघून गट पाडले नाहीत, हेही लिहावं लागेल ना?