स्नोब्लोअर फक्त चोकवरच चालतोय, आणि डावा ऑगर फिरत नाही

प्लायमथकर (मिनेसोटा)

बर्फ उडवायचं मशीन २४ इंची रुंद, टू-स्टेज (पुढचा ऑगर बर्फ आत ओढतो, मागचं इंपेलर नावाचं पातं तो चूटमधून, म्हणजे वरच्या नळकांड्यातून, फेकतं), २०८ सीसी फोर-स्ट्रोक. मार्चपासून गराजमध्ये उभा होता, टाकीत जुनं पेट्रोल, स्टॅबिलायझर नाही.

चोक पूर्ण दिला की सुरू होतो. चोक अर्ध्यावर आणला की आवाज सारखा चढतो-उतरतो, आणि चोक पूर्ण काढला की काही सेकंदांत बंद पडतो. टाकी उपसून ताजं पेट्रोल भरलं, प्लग नवा घातला, काही फरक नाही.

दुसरी भानगड ऑगरची, म्हणजे पुढच्या पिळाच्या पात्यांची. डावा ऑगर बर्फाला टेकला की थांबतो, उजवा फिरत राहतो. डावीकडची शिअर पिन (ऑगर शाफ्टला जोडणारी) तुटलेली दिसते. शुक्रवारी आठ-दहा इंच बर्फ सांगितलाय आणि जवळच्या दुकानात माझ्या मॉडेलच्या पिना संपल्यात.

दोन प्रश्न: पिनेच्या जागी त्याच जाडीचा ग्रेड ८ चा, म्हणजे कडक पोलादाचा, बोल्ट चालेल का? आणि गव्हर्नरची (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग जरा ताणली तर चढउतार थांबेल असं एकाने सांगितलं, ते करून बघू का?

दहाचा_पाना

दोन्हींना नाही. बोल्टबद्दल कुणीतरी लिहीलच, मी इंजिनाचं लिहितो.

गव्हर्नर बिचारा त्याचं काम करतोय. पेट्रोल कमी पडतं म्हणून वेग पडतो, गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, तेवढ्यात मेन जेटमधून (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या मोठ्या भोकातून) पेट्रोल येतं, वेग चढतो, गव्हर्नर थ्रॉटल मिटतो, पुन्हा उपासमार. तुम्हाला ऐकू येतो तो चढउतार हाच. स्प्रिंग ताणली तर फक्त कमाल वेग वाढेल. ही इंजिनं ३६०० आरपीएमच्या आसपास बांधलेली असतात आणि त्यापुढे कनेक्टिंग रॉडचं काही खरं नाही.

चोक हवा अडवतो, त्यामुळे पेट्रोल जास्त ओढलं जातं. चोकवर नीट चालतं याचा अर्थ ठिणगी आणि कॉम्प्रेशन बहुधा ठीक आहेत, पेट्रोल कमी पोचतंय. कार्ब्युरेटर उघडण्याआधी दोन गोष्टी बघा. टाकीचं झाकण सैल करून चालवा. फरक पडला तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. मग कार्ब्युरेटरकडची पेट्रोलची नळी सोडून भांड्यात धरा. धार सलग पडायला हवी. थेंब थेंब पडत असेल तर कॉक किंवा टाकीच्या तळाची जाळी तुंबलीय.

धार चांगली असेल तर दोष कार्ब्युरेटरमध्ये, आणि सात-आठ महिने मुरलेलं पेट्रोल पाहता तो पायलट जेटमध्ये (कमी थ्रॉटलला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकात) असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. बहुतेक लोक खालची वाटी उघडतात, मेन जेट फुंकतात आणि पुन्हा बसवतात. मशीन तसंच हुंदके देत राहतं, कारण पायलट जेटला हातच लागलेला नसतो.

काम असं करा. प्लगची वायर काढा, किल्ली काढा, पेट्रोलचा कॉक बंद. कार्ब्युरेटरवर एक खोकं असतं, ते सायलेन्सरकडची गरम हवा कार्ब्युरेटरला देतं. चोकची मूठ ओढून काढा, प्रायमरची (सुरू करताना पेट्रोल ढकलायच्या रबरी बटणाची) नळी सोडवा, स्क्रू काढा, खोकं निघतं. आत एअर फिल्टर शोधत बसू नका, बहुतेक स्नोब्लोअरला तो नसतोच; हिवाळ्यात धूळ नाही आणि फिल्टर असता तर बर्फाने बुजला असता. खोकं काढून ठेवून चालवायचा मोह मात्र नको, कडाक्याच्या थंडीत कार्ब्युरेटरमध्येच बर्फ धरतो.

कार्ब्युरेटर १० मिमीच्या दोन नटांवर असतो. सोडण्याआधी गव्हर्नरच्या दांड्यांचे आणि बारीक स्प्रिंगचे फोटो काढा, कोणती कुठल्या भोकात होती हे नंतर आठवत नाही. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये गॅस्केट, जाड प्लास्टिकचा इन्सुलेटर, पुन्हा गॅस्केट असा क्रम असतो. बसवताना हाच क्रम आणि हीच दिशा ठेवा. फाटलेलं गॅस्केट परत लावलं तर तिथून हवा ओढली जाते आणि लक्षण हुबेहूब आत्ताच्यासारखंच दिसतं.

वाटीचा बोल्ट काढा, फ्लोटची पिन सरकवा, फ्लोट आणि त्याला लटकलेली सुई बाहेर. मधल्या खांबात मेन जेट. पात्याची रुंदी खाचेत पूर्ण बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या, पितळ मऊ असतं, खाच उडाली की संपलं. त्याच्यामागे बाजूला भोकं असलेली एक नळी घसरून येते, तीही साफ करा.

आता पायलट जेट. या घडणीच्या बहुतेक कार्ब्युरेटरांत आयडलचा स्क्रू असतो. तो किती फेरे आत होता ते लिहून ठेवा आणि काढा. त्याच्याखाली काळ्या प्लास्टिकचा तुकडा दिसेल. तो आट्यांचा नाही, ओ-रिंगवर दाबून बसवलेला असतो, हलकेच उचकटून वर घ्या. त्याच्या टोकाचं भोक उजेडाकडे धरा. गोल, स्वच्छ ठिपका दिसायला हवा. नाही दिसला तर गिटारची सगळ्यात बारीक तार, साधारण ०.२५ मिमी, त्यातून फिरवा. ड्रिल बिट किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं.

कार्ब क्लीनर बॉडीच्या प्रत्येक वाटेत मारा, कोणत्या वाटेतून कुठे निघतो ते बघा. चष्मा घाला, एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्यातून सरळ डोळ्यात येतो. ओ-रिंग आणि गॅस्केट त्यात बुडवू नका, रबर फुगतं.

ओटावाकर

बोल्टचं मी सांगतो. ऑगरच्या मधोमध गिअरबॉक्स आहे, त्यात पोलादी वर्म (स्क्रूसारखा गिअर) आणि बहुतेक मशीनांत कांस्याचं चाक. दगड किंवा गोठलेलं वर्तमानपत्र अडकलं की सगळ्यात आधी काहीतरी तुटायलाच हवं, आणि ते काहीतरी म्हणजे शिअर पिन. ती मुद्दाम मऊ असते, बऱ्याचदा ठरलेल्या जागी खाच पाडलेली. ग्रेड ८ चा बोल्ट तुटणार नाही, चाकाचे दाते जातील. तो गिअर आणि खोलायची मजुरी धरली तर जुन्या मशीनला खर्च परवडत नाही. दुकानातला मऊ ग्रेड २ चा बोल्टसुद्धा नको. खाच नसल्याने तो किती जोरावर तुटेल याचा भरवसा नाही. मॅन्युअलमधल्या पार्ट नंबरवरून डीलरकडे विचारा, व्यास सारखा असला तरी लांबी आणि खाचेची जागा वेगळी असते. एकदम चार-सहा घ्या.

तुटलेल्या पिनेचा मधला तुकडा शाफ्टमध्येच राहतो. ऑगर हाताने फिरवून भोकं एका रेषेत आणा आणि पंचने ठोकून काढा.

पिन तुटल्यावर तुमचा डावा ऑगर शाफ्टवर मोकळा राहिला, म्हणजे तो गंजून चिकटलेला नाही. उजव्याबद्दल ते माहीत नाही. त्याचीही पिन काढा आणि ऑगर शाफ्टवर हाताने फिरतो का बघा. फिरत नसेल तर गंजाने धरलंय, आणि अशा वेळी पिन असून नसल्यासारखी: झटका सरळ गिअरला बसतो. पेनिट्रेटिंग ऑइल रात्रभर मुरवा, हलवून सोडवा, ग्रीसच्या निपलमधून ग्रीस भरा आणि पिना नसतानाच ऑगर दोन-चार वेळा फिरवा, म्हणजे ग्रीस शाफ्टभर पसरेल. दर वर्षी एकदा.

पिना वारंवार तुटत असतील तर स्किड शू बघा, म्हणजे मशीनचं तोंड जमिनीपासून किती वर राहतं ते ठरवणारे दोन्ही बाजूंचे टेकू. डांबरी ड्राइव्हवेवर स्क्रेपरची पट्टी (तोंडाच्या खालची कड) जमिनीपासून सुमारे ३ मिमी वर हवी, खडीवर इंचभर तरी.

आणि चूटमध्ये हात कधीही नाही, इंजिन बंद असलं तरीही. अडकलेल्या इंपेलरमध्ये ताण राहिलेला असू शकतो. बर्फ सुटला की पातं झटक्यात फिरतं, बोटं तिथेच जातात. मशीनबरोबर येणारी प्लास्टिकची काठी त्यासाठीच आहे.

तळघरवासी

शुक्रवार डोक्यावर असताना जेट कोरत बसण्यापेक्षा नवा कार्ब्युरेटर मागवा. वीस-तीस डॉलरमध्ये गॅस्केटसकट मिळतो. मागवताना इंजिनाचा मॉडेल नंबर बघा, मशीनचा नाही. स्टडमधलं अंतर, चोकची दांडी कोणत्या बाजूला आणि प्रायमरची नळी लावायचं तोंड आहे का, हे तीन जुळले पाहिजेत.

काम गराजमध्ये करणार असाल तर तिथे गॅसचा वॉटर हीटर आहे का बघा. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकते आणि हीटरची ज्योतही खालीच असते. कार्ब्युरेटर मशीनवरून बाहेरच काढा आणि तेवढाच आत आणा. चाचणीला इंजिनही बाहेरच, दार उघडं ठेवून गराजमध्ये चालवणं पुरेसं नाही.

पुढच्यासाठी: तुमच्या मिनेसोटात ९१ ऑक्टेनचं इथेनॉलविरहित पेट्रोल लहान इंजिनांसाठी पंपावर मिळतं, पाटी वाचून भरा. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि महिनोन्‌महिने उभ्या मशीनमध्ये तेच पाणी तळाशी बसून वाटी गंजवतं. मार्चमध्ये कॉक बंद करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग वाटीचा बोल्ट सैल करून उरलेलं काढा.

दहाचा_पाना

@तळघरवासी, स्वस्त कार्ब्युरेटरचे जेट कधीकधी कारखान्यातूनच बारीक येतात आणि नवा लावूनही चढउतार तसाच राहतो. मागवून ठेवायला हरकत नाही, पण आधी जुना साफ करा. वाटी आतून गंजून खवले निघत असतील तर मात्र तुमचंच बरोबर, तो टाकून द्यावा.

प्लायमथकर

पायलट जेटच होता, भोक हिरवट मेणासारख्या थराने पूर्ण बंद. आता चोकशिवाय एकसारखा चालतो. पिना डीलरकडे मिळाल्या, उजवा ऑगर मोकळा निघाला, दोन्हींत ग्रीस भरलं.

एक राहिलं. हलका बर्फ लांब फेकतो. पण शहराचा प्लाऊ (रस्ता साफ करणारा ट्रक) ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो कडक ढिगारा टाकून जातो त्यात घातला की बर्फ पाच-सहा फुटांवरच पडतो. इंजिनाचा आवाज मात्र बदलत नाही.

ओटावाकर

आवाज बदलत नाही हेच उत्तर आहे. इंजिनावर भार आला असता तर ते दबलं असतं. भार पोचतच नाही, म्हणजे ऑगरचा बेल्ट घसरतोय.

प्लगची वायर काढून बेल्टचं कव्हर उघडा. बेल्टच्या बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, भेगा असतील किंवा तो पुलीच्या खाचेत खोल बसत असेल तर बदला. कंपनीचाच किंवा त्याच मापाचा केव्हलार धाग्याचा घ्या. गाडीचा बेल्ट इथे टिकत नाही, कारण इथे दांडा दाबला की बेल्ट आवळतो आणि सोडला की त्याला सैल होऊन घसरावं लागतं.

बेल्ट चांगला असेल तर केबल ढिली आहे. दांडा सोडलेला असताना केबलला अगदी थोडा झोल हवा. ॲडजस्टरचा एकेक फेरा घट्ट करा आणि दर वेळी तपासा: दांडा सोडल्यावर ऑगर पाच सेकंदांच्या आत पूर्ण थांबलाच पाहिजे. थांबत नसेल तर जास्त ताणलंय, एक फेरा मागे घ्या.

बेल्ट ठीक झाल्यावरही त्या ढिगाऱ्यात पूर्ण रुंदी घालू नका. थ्रॉटल पूर्ण, पहिला गिअर, आणि २४ पैकी बारा इंचच आत. मिठाने ओला झालेला बर्फ चूटला चिकटत असेल तर चूट आणि इंपेलरच्या घराला आतून सिलिकॉन स्प्रे मारा, मशीन गराजमध्ये कोरडं असतानाच. पण चाकं फिरवणाऱ्या, घर्षणावर चालणाऱ्या फ्रिक्शन डिस्कवर एक थेंबही जाऊ देऊ नका, नाहीतर पुढचा धागा 'चाकं फिरत नाहीत' असा उघडावा लागेल.