मुलीच्या तायक्वांदो सरांचं प्रमाणपत्र खरं की खोटं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मुलगी ९ वर्षांची, तायक्वांदो शिकायचं म्हणून मागे लागलीये. एक क्लास बघून आलो. सर स्वतःला पाचवा डान (ब्लॅक बेल्टमधली पातळी) ब्लॅक बेल्ट म्हणवतात. भिंतीवर फ्रेम केलेलं प्रमाणपत्र आहे, पण त्यावर संघटनेचा अध्यक्ष म्हणून सही कोणाची? त्यांचीच! म्हणजे स्वतःच परीक्षक, स्वतःच पास.

बोलता बोलता म्हणाले, पहिल्या डानपासून सहा वर्षांत इथवर आलो. मी वाचलं त्याप्रमाणे सोलच्या कुक्कीवॉनच्या (तायक्वांदोचं जागतिक मुख्यालय) नियमांत दोन डानमध्ये १, २, ३, ४ वर्षं असं अंतर लागतं, म्हणजे किमान १० वर्षं. प्रमाणपत्राचा क्रमांक विचारला तर विषय बदलला. शिवाय दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची 'गॅरंटी', फी आगाऊ. (१५ वर्षांखालच्यांना कुक्कीवॉन डान नाही, पूम (मुलांसाठीची ब्लॅक बेल्ट पातळी) देतं, हे त्यांच्या तोंडून आलंच नाही.)

शिकवतात मात्र छान. लाथ मारताना गुडघा कसा वळवायचा ते एकेका मुलापाशी बसून दाखवत होते, म्हणून मन द्विधा आहे.

कुक्कीवॉनबाहेरच्या संघटनेचा डान ग्राह्य धरावा का? आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या पालकांना नेमकं काय विचारावं? अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा.